रडतोंडीची चढण आणि भरलेल्या बाटल्या



आखाजी झाली. झोके सुटले, माहेरवाशिणी आपापल्या घरी गेल्या. शेतात अजून फार काम नाही. अशा दिवसांत दुपारी घटकाभर बसता येतं, म्हणून आज आमच्या सहलीची गोष्ट सांगायला आलो आहोत.

आम्ही म्हणजे एरंडोल तालुक्यातल्या चार बचत गटांच्या 43 जणी. गटांच्या बैठका आणि वह्या बघायचं काम आमच्याकडे आहे, म्हणून माईकसमोर आम्ही बसलो. पण बोलणं सगळ्यांचं आहे. काय सांगायचं आणि काय झाकायचं हेही बैठकीतच ठरलं. जिची गोष्ट सांगणार आहोत, तीच म्हणाली, "मन्हं नाव सांगू नका, बाकी समदं सांगा." म्हणून समदं सांगतो.

मागच्या पावसाळ्यात एका बैठकीत हप्ते जमा झाले, सह्या झाल्या आणि सगळ्या उठायला लागल्या. तेवढ्यात एक मावशी म्हणाल्या, "दर आठवड्याला पैसे मोजतो, उठतो. सोबत कधी कुठे गेलोय का आपण?" सगळ्या गप्प झाल्या. खरंच गेलो नव्हतो. बँकेत गेलो, प्रशिक्षणाला गेलो, तालुक्याला मोर्चात गेलो. पण मनाला बरं वाटावं म्हणून एकत्र कुठे गेलो नव्हतो.

एका सुनेनं मोबाइलवर कोकण बघितलं होतं. ती म्हणाली, समुद्र बघू. आमच्यातल्या तीस जणींनी तरी समुद्र बघितलेला नाही. पण एरंडोलहून समुद्र म्हणजे जाऊन-येऊन दोन रात्री बाहेर. घरी गुरं, म्हातारी माणसं, परीक्षेची पोरं. दोन रात्री कोणाला जमेना. मग ठरलं ते आपल्या खान्देशातल्या बाईला न सांगता कळेल असं ठिकाण. चैत्रातला सप्तशृंगी गड. एक रात्र प्रवास, दिवसभर गड, आणि रात्री परत घरी. गाडीनं वरपर्यंत जायचं नाही, नांदुरीपासून पायी चढायचं. आपल्याकडचे हजारो लोक गावापासून पायी जातात, पाच-सहा दिवस चालतात. आपण निदान डोंगर तरी पायी चढू, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

पैशाची गोष्ट आधी सांगतो, कारण पुष्कळ गट तिथेच अडतात. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही आणि सहलीसाठी अंतर्गत कर्ज द्यायचं नाही, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहिलं. वेगळी पेटी केली. आठवड्याला 20 रुपये, 30 आठवडे. प्रत्येकीचे 600 झाले. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे 600 मध्ये जाणं, येणं, गडावरचा खर्च आणि जेवण बसलं. एका आजींचं वय 75 च्या वर, त्यांना एसटीचं तिकीटच नाही. त्यांचे उरलेले पैसे त्यांनी देवीच्या साडीला दिले.

तयारी तर इतकी केली की विचारू नका. कोणी दशम्या करायच्या, कोणी शेंगदाण्याची चटणी, कोणी कळण्याची भाकरी. जायचा दिवस एकादशीचा आला, म्हणून उपासवाल्यांसाठी भगर, रताळी, खजूर वेगळं. खणानारळाची ओटी, साडी, हळदकुंकू, कापूर. प्रत्येकीला एक पाण्याची बाटली. दहा-दहा जणींचे गट पाडले, प्रत्येक गटाला एक प्रमुख, प्रमुखाकडे सगळ्यांचे फोन नंबर. यादी बघून आमचं आम्हालाच कौतुक वाटलं. त्या यादीत एक गोष्ट नव्हती. ती कोणती, ते पुढे येईलच.

रात्री साडेअकराला निघायचं होतं, बारा वाजून गेले. उशीर आमच्यामुळेच झाला. कोणाचं बाळ झोपत नव्हतं, कोणाच्या सासूबाईंचं औषध द्यायचं राहिलं होतं. पारोळा, धुळे, मालेगाव. गाडीत आधी गाणी, मग भेंड्या, मग झोप. मालेगावच्या पुढे चहाला थांबलो. गाडीतली पुरुष मंडळी उतरली आणि अंधारात रस्त्याच्या कडेला उभी राहिली. आम्ही चहावाल्याच्या मागे असलेल्या संडासाकडे बघितलं. दिवा नव्हता, दाराला कडी नव्हती, आत पाय ठेवायला जागा नव्हती. सात-आठ जणी गेल्या आणि नाक धरून परत आल्या. बाकीच्या गाडीत येऊन बसल्या. कोणी काही बोललं नाही. आपल्याला सवयच आहे ना.

देवळा, कळवण करत नांदुरीला पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. पाच वाजता चढायला लागायचं ठरवलं होतं. अडीच तास गेले. चैत्राच्या महिन्यात हे अडीच तास म्हणजे काय, ते खान्देशातल्या बाईला सांगायला नको.

पण पायथ्याशी उतरलो आणि उशीर विसरलो. काय ती गर्दी, काय ते रंग! रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत हा उत्सव चालतो आणि या दिवसांत गड आपल्या खान्देशाचाच असतो. शिरपूरचे, शहाद्याचे, अमळनेरचे, चोपड्याचे, साक्रीचे लोक. भगव्या झेंड्यांमागे अख्खी गावं. चालून चालून पायाला फोड आलेले, चिंध्या बांधलेले, तरी नाचत होते. खान्देश म्हणजे देवीचं माहेर, असं आपण मानतो. म्हणजे आपण सगळ्या तिच्या माहेरच्या बाया. चारही बाजूंनी अहिराणी कानावर पडत होती. आमच्या एक अक्का म्हणाल्या, "इतल्या लांब उन्हू, तरी गावमाच शे असं वाटस."

नांदुरीहून गडावर जायला घाटाचा डांबरी रस्ता आहे, साधारण दहा किलोमीटरचा. उत्सवात खाजगी गाड्या खालीच थांबवतात आणि एसटीच्या गाड्या वरखाली सुरू असतात. दुसरी आहे ती पायी चढायची जुनी वाट. तिचं नाव रडतोंडी. नाव ऐकून आधी सगळ्या हसल्या. अर्ध्या तासात हसू थांबलं. उभी चढण, उंच-सखल पायऱ्या, मोकळे दगड आणि सावलीला झाडं मोजकी. नाव ज्यानं ठेवलं तो स्वतः चढला असला पाहिजे.

तरी चढत होतो. जिची जशी गती तशी ती. आजी काठी टेकत, पोरी पुढे पळत. मध्ये थांबून मागे बघितलं की खाली शेतांचे तुकडे, समोर मार्कंड्या डोंगर. सांगतात की मार्कंडेय ऋषी त्या डोंगरावरून देवीची स्तुती म्हणत आणि ती ऐकायला देवीनं मान जरा कलती केली. मूर्ती बघितली की ती मान दिसते. एक पोरगी म्हणाली, "देवीसुद्धा कोणाचं तरी ऐकते, आमच्या घरी कोणी ऐकत नाही." सगळ्या इतक्या हसल्या की खाली बसाव्या लागल्या.

दहा वाजायच्या सुमारास मागून हाक आली. आमच्यातली एक बाई पायरीवर बसली होती. वय पंचेचाळीस, रोज मजुरीला जाणारी, आमच्यात सगळ्यांत काटक. कपाशी वेचायला तिच्याबरोबर कोणी टिकत नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता, हात थंड, अंग घामानं चिंब. म्हणाली, "माले काही व्हत नही, चाला तुम्ही." उठायला गेली आणि तोल जाऊन तशीच कलंडली. पुढच्या बाईनं धरली म्हणून डोकं दगडावर आपटलं नाही.

पुढची पाच मिनिटं आम्हाला कोणालाच काही सुचलं नाही, हे खरं सांगतो. एक जण कापूर हुंगवत होती, एक देवीचं नाव घेत होती, एक रडत होती. गटाची प्रमुख फोन लावत होती आणि कोणाला लावायचा हेच तिला कळत नव्हतं. तेवढ्यात मागून शिरपूरकडच्या पायी दिंडीतल्या दोन बाया आल्या. त्यांनी आम्हाला बाजूला केलं. गर्दी हटवली. तिला झुडपाच्या सावलीत आडवी केली, पाय उशाशी बॅगा घेऊन वर केले, पोलक्याचे हुक सैल केले, ओलं फडकं मानेवर आणि काखेत ठेवलं. ती डोळे उघडून बोलायला लागली, तेव्हा घोट घोट मीठ-साखरेचं पाणी दिलं. त्यातल्या एकीनं विचारलं, "काल रात्रीपासून काय प्यायली ही?"

मग हिशेब निघाला. संध्याकाळी सहाला घरी पाणी. रात्री मालेगावच्या पुढे अर्धा कप चहा. बस. वर एकादशीचा कडक उपास. सोळा तास पाणी नाही आणि त्यावर अडीच तास चढण.

"बाटली होती ना तुझ्याकडे?" आम्ही विचारलं.

"व्हती ना," ती म्हणाली. "पन पानी पेवावर मंग जावानं कोठे?"

मैत्रिणींनो, हे ऐकलं आणि आम्ही सगळ्यांना बाटल्या बाहेर काढायला सांगितल्या. तिथंच, रस्त्यात. 43 जणी, 43 बाटल्या. ज्यांनी बाटली संपवून पुन्हा भरली होती अशा सहा जणी निघाल्या. काहींनी दोन-चार घोट घेतले होते. बाकीच्यांच्या बाटल्या घरून भरून आणल्या तशाच होत्या. गळ्यापर्यंत. आम्ही पाणी घेऊन डोंगर चढत होतो आणि तहानेनं मरत होतो. आमची स्वतःची बाटलीही भरलेलीच होती. आम्ही बी.ए. झालेलो, गटांना आरोग्य आणि स्वच्छतेचं सत्र घेणारे. दशसूत्रीत आरोग्य येतं, ते फळ्यावर लिहिणारे. ती एक गोष्ट आमच्या यादीत नव्हती, ती हीच: 43 बाया लघवीला कुठे जाणार?

दशमी ठरली, चटणी ठरली, ओटीचा खण ठरला. हे विचारायची लाज वाटली. लाज म्हणण्यापेक्षा, हे विचारायचं असतं हेच डोक्यात आलं नाही. लहानपणापासून आईनं शिकवलं, प्रवासात पाणी कमी पी. आम्ही लेकींना तेच शिकवतोय.

त्यानंतर थोडं भांडणही झालं. काही जणी म्हणाल्या, आपण पुढे होऊ, दोघी तिच्याजवळ थांबतील. एकीचा नवस होता. एक म्हणाली, देवीच्या दारात आलो, आता काही होत नाही. आम्ही कोणालाच दोष देत नाही, तीस आठवडे पैसे जमवून आलो होतो. पण शेवटी आजी बोलल्या. "ती आपली आमदनी बुडाली तर गट तिचा हप्ता भरतो ना? मग ती पडली तर गट पुढे कसा जाईल?" सगळ्या थांबल्या. तासभर तिथेच बसलो. सगळ्यांनी बाटल्या संपवल्या. आणि मग पुढचा प्रश्न आलाच, तेव्हा वाटेपासून आत एका मोठ्या दगडामागे चार जणींनी लुगड्याचा आडोसा धरला आणि आळीपाळीनं सगळ्या जाऊन आल्या. त्या चौघींना आम्ही आता 'आडोसा गट' म्हणतो. त्यांची आम्ही बैठकीत टाळ्या वाजवून नोंद घेतली.

उत्सवात वाटेवर आरोग्य पथक असतं. त्यांच्यातल्या ताईंनी येऊन तिचा बीपी बघितला, ओआरएस दिलं आणि आणखी चढायचं नाही असं बजावलं. तिला आणि तिच्यासारख्याच गळालेल्या तेरा जणींना रस्त्यापर्यंत आणून एसटीनं वर पाठवलं. बाकीच्या हळूहळू चढलो. गडावर एकत्र जमलो तेव्हा एक वाजला होता.

गडावरच्या गावातून मंदिरापर्यंत आणखी पायऱ्या आहेत, पावणेपाचशेच्या आसपास. त्या पायऱ्यांची एक गोष्ट आम्हाला तिथेच कळली आणि ती तुम्हाला सांगितलीच पाहिजे. त्या बांधल्या एका बाईनं. अठराव्या शतकात उमाबाई दाभाडे यांनी. त्या जवळच्याच अभोण्याच्या ठोके देशमुखांची लेक. तळेगावच्या सेनापती खंडेराव दाभाड्यांना दिल्या. पती गेले, 1731 साली मुलगा त्र्यंबकराव डभईच्या लढाईत पडला, आणि मग शाहू महाराजांच्या काळात सेनापतिपदाचा कारभार या बाईनं सांभाळला. माहेरच्या डोंगरावर लोकांचे पाय घसरतात हे तिनं लहानपणी बघितलं असेल. मोठी झाल्यावर तिनं वाट नीट केली. एवढी वर्षं झाली, आपण तिच्या पायऱ्यांवरून चढतोय.

आता 2018 पासून वर जायला रेल्वेच्या डब्यासारखी रुळांवरची ट्रॉलीही आहे. आजारी बाई आणि आजी ट्रॉलीनं गेल्या. जायच्या आधी ती बाई रडायला लागली. पायी बोलले होते, देवी रागवेल, म्हणाली. आजींनी तिला सांगितलं, "माय कधी लेकीवर रागावते का, की तू पायी का नाही आली म्हणून?" मग गेली.

दर्शनाचं काय सांगावं! कड्यात कोरलेली आठ फुटांच्या आसपासची मूर्ती, अठरा हात, प्रत्येक हातात काहीतरी. आमच्या सगळ्या बाया दोन हातांनी घर, शेत, गुरं, गट सांभाळतात, त्यांना त्या अठरा हातांचं काही नवल वाटलं नाही. रांगेत दीड तास उभ्या होतो, समोर मिळालं ते अर्धं मिनिट. साडीची घडी पुढे सरकवली, ओटी भरली, कोणीतरी "चला, चला" म्हटलं आणि बाहेर आलो. पण त्या अर्ध्या मिनिटात जिला जे मागायचं होतं ते तिनं मागितलं. बाहेर येऊन कोणी कोणाला विचारलं नाही.

गडाच्या शिखरावर चतुर्दशीच्या रात्री कीर्तिध्वज लागतो. दरेगावच्या गवळी घराण्याकडे त्याचा मान आहे. जिथे वाट दिसत नाही अशा कड्यावरून रात्री चढून ध्वज लावायचा, आणि सकाळी खालच्या लोकांना तो दिसला की जयजयकार होतो. आम्हाला थांबता आलं नाही. पण पुढच्या वेळी तिथी बघून जायचं, असं आत्ताच चार-पाच जणी म्हणतायत.

परतीचा प्रवास वेगळा झाला. चालकदादांना आधीच सांगितलं, बायांसाठी नीट जागा असेल तिथेच थांबवा. ते म्हणाले, आधी सांगितलं असतं तर येतानाही थांबवली असती. एवढं साधं होतं. तीन ठिकाणी थांबलो, सगळ्या उतरल्या, सगळ्यांनी पाणी प्यायलं. रात्री अकराच्या पुढे एरंडोलला उतरलो तेव्हा बाटल्या रिकाम्या होत्या.

पुढच्या बैठकीत आम्ही हप्ते नंतर घेतले, आधी हा विषय घेतला. विचारलं, मागच्या वर्षात लघवीला जळजळ झाली, ताप आला, असं कोणाकोणाला झालं? निम्म्याहून जास्त हात वर झाले. कारण सगळ्यांचं सारखं. शेतात आडोसा नाही, बाजारात सोय नाही, एसटीत थांबत नाहीत, म्हणून पाणीच प्यायचं नाही, आणि आली तर दाबून धरायची. एका सुनेनं आणखी एक गोष्ट सांगितली. गडावर जायचं म्हणून तिनं पाळी पुढे ढकलायची गोळी दुकानातून आणून घेतली होती, कोणाला न विचारता. चार दिवस डोकं दुखलं, मळमळलं. तिला बीपीचा त्रास आहे. अशी गोळी प्रत्येकीला चालत नाही. आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घ्यायची नाही. आणि पाळी आली म्हणून सहलच चुकवायची, असंही आम्ही आता कोणाला म्हणणार नाही. देवळात जायचं की बाहेर बसायचं, ते तिनं ठरवावं. कापड किंवा पॅड आणि बदलायची जागा, एवढी सोय गटानं बघावी.

आता तुम्ही कुठे निघालात, पद्मालयाला निघा, मनुदेवीला निघा, चांगदेवला निघा, तर आमच्या चुकीतून एवढं घ्या.

यादीत सगळ्यांत वर लिहा, कुठे कुठे थांबायचं आणि तिथे बायांसाठी काय सोय आहे. एक-दोघींनी आधी चौकशी करा. सोय नसेल तर लुगडी, दोरी आणि आडोसा गट सोबत ठेवा. हसू नका, आमच्या कामी आला.

चढण असेल तर उन्हाच्या आधी चढा. उशीर झाला तर बेत बदला. आम्ही साडेसातला पोचलो तेव्हाच एसटीनं वर जायला हवं होतं. ठरवलं म्हणून चढलो, ते चुकलं. मागे एका प्रशिक्षणात कोकणातल्या एक ताई भेटल्या होत्या. त्या सांगत होत्या, हरिहरेश्वरला समुद्राच्या कडेनं, खडकांतून प्रदक्षिणा असते. ती ओहोटी असेल तेव्हाच करायची. भरती लागली तर कितीही लांबून आला असाल, मागे फिरायचं. नाही फिरला त्याला लाट नेते. तिथे वेळ समुद्र ठरवतो, आपल्याकडे ऊन ठरवतं.

पाणी तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं प्या. लघवी गडद पिवळी झाली की समजा पाणी कमी पडलं. मीठ-साखरेचं पाणी घरीच होतं: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. त्याहून जास्त मीठ नको. बीपी, साखर, मूत्रपिंडाचा आजार असेल तर उपास आणि पाण्याचं आधी डॉक्टरांना विचारा. कडक उपास आणि कडक ऊन एकाच दिवशी करू नका.

चक्कर आली, घाम सुटला, तर सावली, आडवं झोपवणं, ओलं फडकं, घोट घोट पाणी. पण अंग तापलेलं आहे, बाई बरळते, ओळखत नाही, तर तो उष्माघात. त्यात जीव जातो. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि 108 ला फोन करा. हा नंबर आता आमच्या प्रत्येक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे.

आणि गर्दीत ढकलाढकली दिसली तर पुढे जायचा हट्ट सोडा. 25 जानेवारी 2005 ला वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, जवळपास तीनशे माणसं गेली. त्यात बाया आणि मुलं किती होती! भेटायची जागा आधीच ठरवा, आणि हात सुटला तर रांगेत परत न शिरता त्या जागी जाऊन थांबा.

एक गोष्ट सहलीच्या पुढची. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, हे तुम्हाला माहीत आहे. आमच्या एका गावात या वेळी महिला सभेला 43 पैकी तिथल्या सगळ्या जणी गेल्या आणि बाजाराच्या जागेजवळ बायांसाठी शौचालय पाहिजे, पाणी आणि आतून कडी असलेलं, असा ठराव लिहून घेतला. काम अजून झालेलं नाही. जागा नाही, निधी नाही, अशी उत्तरं आली. आम्ही पुढच्या सभेला परत जाणार आहोत, आणि कागदाची पोच घेऊन ठेवली आहे. उमाबाईंच्या हाती सत्ता होती, आमच्या हाती एक ठराव आहे.

ती बाई आता बरी आहे. गेल्या आठवड्यात बैठकीला आली ती हातात बाटली घेऊन. बसल्या बसल्या अर्धी प्यायली आणि उठून विचारलं, "ताई, जावानं कोठे?" ज्यांच्या ओट्यावर बैठक होती, त्या जिजींनी हात धरून तिला मागच्या दारी नेलं.

तुमच्या गटाची सहल झाली असेल, होणार असेल, तर आम्हाला कळवा. आणि आत्ता उठून एक तांब्या पाणी प्या.

रामराम.